शनिवारच्या जेवणाची ट्रायल

२ जून, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. पुढे कधी विषय निघाला तर माझीही बाजू कुठेतरी लिहिलेली असावी.

सकाळी मुलीच्या आईचा फोन. घटस्फोट झाल्यापासून मी तिला मुलीची आई म्हणतो. ती मला काय म्हणते हे मी कधी विचारलेलं नाही. म्हणाली, काल तुझ्याकडून घरी आली आणि रात्रभर पोरीला उलट्या. शुक्रवारचा भात घातलास का तिला? भात गुरुवारचा होता, म्हणून मी नाही म्हणालो. एक अक्षर खोटं बोललो नाही.

माझ्या मते बस लागली असणार. त्या मार्गावरचे ड्रायव्हर ब्रेक असे मारतात की धडधाकट माणसाच्या पोटात ढवळावं. तसं सांगितलं. तर म्हणाली, ती बसने आलीच नव्हती, मी गाडी घेऊन आले होते. हे माझ्या लक्षातून गेलं होतं.

निकाल असा: एकाआड एक शनिवारी मुलगी माझ्याकडे मुक्कामाला येते. आता १४ तारखेला येईल. त्या वेळी पुन्हा पोट बिघडलं तर मुक्काम बंद. मग भेटायचं ते बागेत, बाकावर बसून, मुलगी बघायला आल्यासारखं.

मुलगी दहा वर्षांची आहे. ती असते त्या रात्री आतल्या खोलीत दिवा असतो आणि कोणीतरी आपल्याशीच बडबडत असतं. तेवढ्यावर माझे पंधरा दिवस निघतात. ते गेलं तर मी काय करणार, मला खरंच माहीत नाही.

निश्चय: घाबरायचं नाही. मी लिफ्ट तपासणारा माणूस. अर्धं शहर माझ्या सहीवर वर-खाली जातं. एक डबा गरम करायला असं काय लागतं?

३ जून, मंगळवार

येताना दुकानातून फ्रोझन पॅकेट आणलं. चिकन आणि भात. ‘तयार जेवण’ असं वर ठळक अक्षरांत. तयार आहे म्हणजे माझं काम फक्त बटण दाबण्याचं. मागे सूचना होत्या, पण इतक्या बारीक की त्या पाळल्या जाव्यात अशी कंपनीचीच इच्छा नसावी. चष्मा ऑफिसात राहिला होता.

मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. घंटी वाजली. कडेला रस्सा उकळत होता, मधोमध बर्फाचा गोळा. कडेकडेने जेवलो.

कडेला चव उत्तम होती. सुरुवात चांगली झाली म्हणायची.

५ जून, गुरुवार

ऑफिसात शंकासुराला सगळं सांगितलं. शंकासुर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. लिफ्टचा दोर नवा असला तरी तो भिंग घेऊन बघतो. म्हणाला, अरे, अर्ध्यात काढून हलवायचं असतं. आणि झाल्यावर लगेच खायचं नाही, मिनिटभर तसंच ठेवायचं, म्हणजे आच आतपर्यंत पोचते. मी म्हणालो, मशीनवर विश्वास नसलेल्या माणसांनी हलवत बसावं. त्याने भिंग पुसायला घेतलं.

त्याला दाखवावं म्हणून दुपारी पँट्रीत कालचं उकडलेलं अंडं गरम केलं. बाहेर काढलं आणि चमचा लावल्याबरोबर ते फुटलं. साहेब नेमके कॉफी घेत उभे होते. अंडं साहेबांच्या शर्टावर, चष्म्यावर आणि थोडं कॉफीत.

संध्याकाळपर्यंत मायक्रोवेव्हवर नोटीस लागली. त्यात माझं नाव नाही, पण पदाचा उल्लेख आहे. अंड्यांच्या दर्जाबद्दल दुकानदाराशी बोलायला हवं.

६ जून, शुक्रवार

प्रश्न सुटला. अन्नात खुपसायचा थर्मामीटर आणला. स्टीलची लांब सुई, वर काच, त्यात आकडे. खिशाला लावला तर पेनासारखा दिसतो. इतकी वर्षं लोक अंदाजाने जेवत आले याचं नवल वाटतं.

पाकिटावरच्या सूचनाही चष्मा लावून वाचल्या. अन्न सगळीकडून वाफाळतं गरम झालं पाहिजे, पंच्याहत्तर अंशांच्या वर. मोजलं. कडेला ब्याण्णव. मला उगीच गहिवरून आलं.

मग शंकासुराची आठवण झाली म्हणून मध्ये मोजलं. तीस. सरासरी एकसष्ट. म्हणजे आपण पंच्याहत्तरच्या फार मागे नाही.

८ जून, रविवार

ताईचा फोन. ताई माझ्याहून मोठी, एका हॉस्टेलची मेस चालवते आणि मलाही हॉस्टेलचाच मुलगा समजते. मुलीच्या आईने तिला सगळं सांगितलेलं दिसलं. या दोघींचं नातं घटस्फोटानंतर जास्तच फुललंय.

ताईने विचारलं, उरलेलं अन्न ठेवतोस कसं? मी सांगितलं, पातेलं ओट्यावर झाकून ठेवतो, सकाळपर्यंत गार होतं, मग फ्रिजमध्ये. तिने मला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, रात्रभर बाहेर? भातसुद्धा? अरे, कोमट भातात काय काय वाढतं, तुला कल्पना आहे का? पसरट डब्यांत काढायचं, वाफ गेली की लगेच आत टाकायचं. आणि एकदा गरम केलेलं पुन्हा पुन्हा गरम करायचं नाही. लागेल तेवढंच काढ.

मी शांतपणे समजावलं की गरम वस्तू आत ठेवली तर फ्रिजच्या मोटरवर लोड येतो. मोटर हा माझा विषय आहे. ती म्हणाली, मोटर जाऊ दे खड्ड्यात, तुझी पोर आजारी पडली. मी म्हणालो, बस लागली होती. ताईने फोन ठेवला.

तिला यंत्रातलं कळत नाही. त्यात तिचा दोष नाही.

१० जून, मंगळवार

आज एका नव्या इमारतीच्या लिफ्टची तपासणी होती. आधी रिकामी सोडली, मग अर्ध्या वजनाने, मग पूर्ण वजनाने. तिन्ही वेळा नीट थांबली, तेव्हाच सही केली. चौथ्या मजल्यावर उभा असताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतके दिवस मी वेगवेगळी पाकिटं गरम करून बघतोय, त्याचा उपयोग काय? शेजारच्या इमारतीची लिफ्ट चालते म्हणून या लिफ्टला सही देता येते का? ज्या लिफ्टमध्ये माणसं बसणार, तपासायची ती लिफ्ट.

तेव्हा शनिवारी मुलीला जे वाढायचं, त्याच जेवणाच्या ट्रायल घ्यायच्या. आधी थोडं, मग अर्धं, मग सगळं. शनिवारी वाढेन ते पूर्ण तपासलेलं.

हे आजवर कोणाला कसं सुचलं नाही?

११ जून, बुधवार

कोपऱ्यावरच्या खानावळीतून घेतलं. चिकनचा रस्सा, भात, वाटाणे घातलेले बटाटे. मुलीला बटाटे आवडतात. पातेलं घरचंच नेलं होतं.

पहिली ट्रायल. वाटीभर काढलं, अर्ध्यात हलवलं, झाल्यावर मिनिटभर थांबलो. शंकासुराला कळू देणार नाही, पण फरक पडतो. मध्ये एकोणऐंशी. खाल्लं नाही, कारण ते मुलीचं आहे. फक्त चार चमचे चाखलं. उरलेलं पुन्हा पातेल्यात टाकलं आणि पातेलं गार व्हायला ओट्यावर ठेवलं. मोटरची काळजी मीच घ्यायला हवी.

खूप दिवसांनी घरात शीळ वाजवली.

१२ जून, गुरुवार

दुसरी ट्रायल, अर्ध्या वजनाने. भात थोडा कडक झाला होता, म्हणून वर पाणी शिंपडलं आणि झाकण जरा तिरकं ठेवलं. मऊ झाला. हे मी स्वतः शोधून काढलं. फ्रोझन पाकिटावरही तेच लिहिलं होतं, पण ते नंतर आठवलं.

मध्ये ब्याऐंशी. किंचित आंबूस वास आला. खानावळवाल्याने लिंबू पिळलं असणार. न सांगता पिळतात. बारा-पंधरा चमचे चाखल्यावर वास जाणवेनासा झाला.

पातेलं ओट्यावर.

मुलीचा फोन आला होता. विचारत होती, बाबा, शनिवारी नक्की ना? मी म्हणालो, नक्की म्हणजे काय, सहीशिक्क्यासह. ती हसली नाही. म्हणाली, आई म्हणते ही शेवटची वेळ असू शकते. मी म्हणालो, आईला म्हणावं, बाबाने सगळी तयारी केली आहे.

१३ जून, शुक्रवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी. पोटात आग. ऑफिसातल्या पाण्याची टाकी कित्येक महिने धुतलेली नाही. शिवाय काल शंकासुराने बिस्किट दिलं होतं. त्याने आजवर कधी कोणाला काही दिलेलं नाही, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

बाथरूमच्या फेऱ्यांच्या मधल्या वेळात तिसरी ट्रायल. पूर्ण वजनाने. सुई तीन ठिकाणी खुपसली, तिन्ही ठिकाणी ऐंशीच्या वर. चाखायला दोन चमचे घेतले, ते पोटात राहिले नाहीत. त्याचा या जेवणाशी संबंध लावता येत नाही, कारण मळमळ आधीपासून होती.

बाथरूममध्ये बसून विचार केला. मुलीच्या आईला कळवावं का, की या वेळी नको, पुढच्या शनिवारी पाठव? पण कारण विचारेल. पोट बिघडलं म्हटलं की संपलंच. ती मला ओळखते. माझ्या ‘हॅलो’वरून ती मला काय झालंय ते सांगू शकते.

नाही. उद्यापर्यंत बरा होणार. व्हायलाच पाहिजे.

१४ जून, शनिवार, सकाळ

बरा झालेलो नाही.

ताईला फोन केला. मीठ-साखरेचं पाणी किती वेळाने प्यायचं एवढंच विचारायचं होतं. तिने पाच मिनिटांत सगळं काढून घेतलं. ट्रायलचं ऐकल्यावर म्हणाली, थांब, म्हणजे तेच जेवण तू रोज उकळतोयस आणि रोज रात्रभर बाहेर ठेवतोयस? मी म्हणालो, नियंत्रित पद्धतीने. ती म्हणाली, हे बघ, ते आता कितीही उकळलंस तरी त्यात जे तयार झालंय ते जात नाही. आत्ताच्या आत्ता फेकून दे. ब्रेड आण, फळं आण, पोरीला तेच दे. ती काही तुझं जेवण जेवायला येत नाही.

तिला वाटतं हे सोपं आहे. ब्रेडची ट्रायल झालेली नाही. खानावळ आज बंद. आजची रात्र माझ्या हातातली शेवटची असेल, तर तपासलेलं एक जेवण सोडून न तपासलेलं दुसरं मी पोरीच्या ताटात कसं वाढू? उद्या तिच्या आईने विचारलं की काय खबरदारी घेतलीस, तर काय दाखवू? ब्रेडचा कागद?

उठलो की भिंत धरावी लागते. ते पाणी कमी झाल्यामुळे.

१४ जून, रात्र

झालं ते झालं तसं लिहितो.

मुलीची आई सहाला सोडायला आली. दारातच माझ्याकडे पाहून म्हणाली, बरा आहेस ना? मी म्हणालो, डाएट करतोय. ती आणखी काही विचारणार होती, पण लिफ्ट येऊन थांबली होती.

मुलीने बॅग आतल्या खोलीत नेली. दिवा लावला. मी जेवण गरम केलं. हलवलं, थांबलो, सुई खुपसली. सगळीकडे पंच्याऐंशी. इतकी सुरेख वाफ माझ्या ताटावर आजवर कधी आली नव्हती. मला वाटलं, जिंकलो.

ती जेवायला बसली. चमचा उचलला आणि तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, बाबा, आई उद्या विचारेल. मी विचारलं, काय? म्हणाली, काय खाल्लं, गरम होतं का. ती नेहमी विचारते. मी नेहमी हो म्हणते. मागच्या वेळीपण म्हटलं.

मी म्हणालो, मग, होताच की भात गरम.

ती म्हणाली, वरवर होता. आत गार होता. वासपण येत होता. पण तू बघत होतास ना.

आणि तिने चमचा भरला.

तेव्हा मला दिसलं की ती हेही खाणार आहे. वास तिलाही येत होता, तिच्या नाकावरून कळत होतं. तरी सगळं संपवेल, चांगलं झालंय म्हणेल, आणि उद्या तिकडे जाऊन आजारी पडेल. बस नव्हती, टाकी नव्हती, शंकासुराचं बिस्किट नव्हतं. मी ताट ओढून घेतलं. रस्सा तिच्या फ्रॉकवर सांडला. म्हणालो, खाऊ नकोस, बाबाचं पोट कालपासून याच्यामुळेच बिघडलंय.

हे मी पहिल्यांदाच बोललो. स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो.

तिने चमचा खाली ठेवला. मग हळूच विचारलं, मग मला का देत होतास?

  म्हणालो, तू राहावीस म्हणून. ते उत्तर नव्हे हे तिला कळलं असणार, ती दहा वर्षांची आहे.

फोन मीच केला. मुलीची आई आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्यावरचं पातेलं पाहिलं, त्याचा वास घेतला आणि सगळं पिशवीत ओतून पिशवीला गाठ मारली. मला साखर-मिठाचं पाणी करून दिलं. जाताना मुलगी म्हणाली, मी एक घासपण खाल्ला नाही, आई, खरंच. मोठ्या आवाजात, मलाही ऐकू यावं म्हणून.

आतल्या खोलीतला दिवा तसाच राहिलाय. उठून बंद करायला हवा.

१५ जून, रविवार

पडून आहे. ताई डॉक्टरला घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात. ताईने घरातली सगळी पातेली घासून पालथी घातली. तेच जास्त लागलं.

१७ जून, मंगळवार

मुलीच्या आईचा फोन. आवाज चढलेला नव्हता, त्यावरूनच समजलो. मुक्काम बंद. निदान मुलगी मोठी होईपर्यंत. मी वाद घातला नाही. कशाच्या जोरावर घालणार?

पण मुलीने दोन दिवस रडून घर डोक्यावर घेतलंय. तेव्हा दर शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायचं. एकाआड एक नाही, दर शनिवारी. जेवण झालं की परत. मी म्हणालो, विचार करून सांगतो. मग तिने फोन ठेवायच्या आत हो म्हणालो.

२१ जून, शनिवार

गेलो. नवा शर्ट. पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. ताजं, गरम जेवण. मुलीने वाढलं. मी दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा लाजलो.

मुलीने तिची खोली दाखवली. मोठी आहे. तिच्याकडे टेबललॅम्प आहे हे मला माहीत नव्हतं.

निघताना तिने डबा भरून दिला. पसरट डबा. स्वतःच्या हातांनी भरला, आईला हात लावू दिला नाही. म्हणाली, बाबा, गेल्या गेल्या फ्रिजमध्ये ठेव. उद्या खा, फार तर परवा. एकदाच गरम कर. अर्ध्यात हलव. आणि मिनिटभर थांब. सगळं म्हणून दाखव बघू. मी दारात उभं राहून म्हणून दाखवलं. शेजारीण जिना चढता चढता थांबून ऐकत होती.

फ्रिजमध्ये ठेवला. मोटरला काही झालं नाही.

२२ जून, रविवार

डबा आज काढणार होतो. पण एकदाच गरम करायचं आहे. चुकलं तर दुसरी संधी नाही. आज डोकं दुखतंय, अशा वेळी नको. ब्रेड खाल्ला.

२३ जून, सोमवार

दोनदा बाहेर काढून परत आत ठेवला. उघडला नाही. झाकणावरून दिसतं, बटाटे आहेत. तिने जास्त घातलेत.

उद्या सकाळी निवांत.

२४ जून, मंगळवार

सकाळी व्होल्टेज कमी होतं. दिवे मंद होते. अशा वेळी मशीनचा भरवसा धरता येत नाही. संध्याकाळी ऑफिसातून यायला उशीर झाला. शंकासुराला सांगितलं, तर म्हणाला, अरे, खाऊन टाक ना, जेवणच आहे ते. त्याला मुलगी नाही.

२६ जून, गुरुवार

वास आला.

टाकून दिलं. पिशवीला गाठ मारली. पोरीने स्वतः भरलेलं, एक घासही माझ्या पोटात गेला नाही. 

२७ जून, शुक्रवार

डबा घासून, पुसून ठेवला. उद्या परत द्यायचा. रिकामा डबा परत करायचा नाही असं माझ्या आईने लहानपणापासून शिकवलंय. काय घालून द्यावं? मी शिजवलेलं काही त्या घरात कोणी खाणार नाही, आणि खाऊही नये. एवढं मला आता कळतं.

दुकानात दोन फेऱ्या मारल्या. शेवटी साखर आणली. डबा काठोकाठ भरला, झाकण लावलं. मग पुन्हा उघडलं आणि चिमूटभर चाखून पाहिली.

साखर ठीक आहे.